शिमानेच्या डोंगरात, महिना पंधरा हजार येनमध्ये

तुझा प्रश्न मला समजला तो असा. एप्रिलपासून शिमाने प्रांतात, किसुकी रेल्वे लाइनवरच्या एका गावात तू सहायक इंग्रजी शिक्षिका आहेस. हातात १ लाख ८० हजार येन पडतात, त्यातले ५० हजार नाशिकला घरी जातात. भाडं, किराणा, वीज, फोन आणि थोडी शिल्लक बाजूला काढून फिरायला महिन्याला १५ हजार येन उरतात, म्हणजे आपले आठ-साडेआठ हजार रुपये. गाडी नाही. तर सुट्टीत जेआर पास (जपान रेल्वेने ठरावीक दिवस हवं तितकं फिरायचा पास) काढावा का, आणि एवढ्या पैशांत जपानची खेडी कितपत बघून होतील?

मी अकरा वर्षांपूर्वी याच प्रांतात याच कामावर आले. सहा वर्षं तीन शाळांत शिकवलं, आता मात्सुएला असते. मूळची कुडाळची. माझा पगार तुझ्यापेक्षा फार वेगळा नव्हता आणि पहिली दोन वर्षं माझ्याकडेही गाडी नव्हती.

आधी पासचा विषय संपवू. तो तुला मिळणारच नाही. जेआर पास पासपोर्टवर अल्पकालीन पाहुण्याचा शिक्का असलेल्यांना मिळतो, तुझ्याकडे रहिवासी कार्ड आहे. हळहळू नकोस. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या पासची किंमत २९,६५० वरून थेट ५०,००० येन झाली, आणि शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, आपल्या प्रांतात येतही नाही.

तुझ्या कामाचं तिकीट आहे ‘सेइशुन जुहाचि किप्पु’, म्हणजे ‘तारुण्य अठरा तिकीट’. १९८२ पासून चालू आहे. नावात अठरा असले तरी वयाची अट नाही, साठीचे काका-काकूही यावरच हिंडतात. फक्त जेआरच्या साध्या आणि जलद गाड्यांना चालतं, एक्स्प्रेसला नाही. विक्री वसंत, उन्हाळा आणि हिवाळ्यात होते, म्हणजे नेमकी शाळेच्या सुट्ट्यांत. आमच्या वेळी पाच दिवस हवे तेव्हा सुटे वापरता यायचे आणि एका तिकिटावर पाच जणींनाही जाता यायचं. २०२४ च्या हिवाळ्यापासून ते बंद झालं. आता सलग तीन दिवसांचे १०,००० येन किंवा सलग पाच दिवसांचे १२,०५० येन, आणि एकटीपुरतंच. जुन्या लेखांमधल्या युक्त्या वाचून काढायला जाशील तर फसशील.

तीन दिवसांच्या तिकिटात दिवसाला ३,३३३ येन पडतात. साध्या तिकिटाने तेवढ्या पैशांत साधारण दोनशे किलोमीटर जाता येतं. दिवसात त्याहून कमी फिरणार असशील तर हे तिकीट घेऊन तोटाच. आपल्याकडच्या एका डब्याच्या डिझेल गाडीने दोनशे किलोमीटर म्हणजे दिवसभर बूड हलवायचं नाही. मला ते आवडतं, तुला आवडेल का ते पहिल्या दिवशी कळेलच.

पण तिकीट हा खरा खर्चच नाही. खेड्यातल्या भटकंतीत पैसा जातो तो रात्रीच्या मुक्कामात. संध्याकाळी सहानंतर बस नाही, साडेसातनंतर गाडी नाही, मग अडकलं की मिन्शुकु, म्हणजे घरगुती लॉज. दोन वेळचं जेवण धरून सात-आठ हजार येन. तुझं अर्ध्या महिन्याचं बजेट एका चुकलेल्या बसमागे. म्हणून मी अजूनही सहल उलटी आखते: आधी परतीची शेवटची गाडी, मग तिथून मागे येत बाकी सगळं.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. पहिल्या वर्षी जूनमध्ये एका शनिवारी मी डोंगरातला बांध बघायला गेले. परतीची बस ५:१०ची, फलकावर स्पष्ट लिहिलेली. सव्वापाच झाले, साडेपाच झाले. मग वेळेच्या शेजारचं बारीक चिन्ह दिसलं: शनिवार-रविवार आणि सुट्टीला बंद. कांजी, म्हणजे जपानी चित्रलिपी, मला तेव्हाही थोडी वाचता यायची, पण बघितलं कोण? नऊ किलोमीटर चालायची तयारी करून निघाले. तिसऱ्या किलोमीटरला एका आजोबांचा पांढरा केइ-ट्रक (छोट्या इंजिनाचा) थांबला. मागे कांद्याच्या जुड्या, पुढे मी. सोमवारी शाळेत पोचले तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत होतं की सेन्सेई शनिवारी कुठे चालत होत्या. फलकावर ‘हेइजित्सु’ म्हणजे कामाचे दिवस आणि ‘दोक्यु’ म्हणजे शनिवार-सुट्ट्या, ही दोन चिन्हं आधी पाठ कर.

गावातल्या बसबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. ती मुळात फिरायला आलेल्यांसाठी नसतेच. दवाखान्यात जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी आणि शाळेच्या पोरांसाठी असते. म्हणून सकाळी तालुक्याकडे, दुपारी जेवणाच्या वेळी परत, आणि सुट्टीला बंद. शनिवार-रविवार मोकळ्या असणाऱ्या मास्तरणीला ती कामाचीच नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र आठवड्यातल्या दिवशी रजा टाकून तीच बस घे. एक-दोनशे येनमध्ये अशा वाडीपर्यंत जाते, जिथे दुसरं काहीच जात नाही. काही ठिकाणी आदल्या दिवशी फोन केला तरच बस येते. तो फोन जपानीतून करावा लागतो, वर्गात शिकवण्याआधी करायची तालीम म्हणून चांगला आहे.

बसमध्ये मागच्या दाराने चढून नंबराची चिठ्ठी घ्यायची, उतरताना पुढे पैसे टाकायचे. एका डब्याच्या गाडीतही बिनमाणसाच्या स्टेशनवर हेच. पेटीजवळच्या यंत्रात सहसा हजाराचीच नोट सुटी होते. दहा हजाराची नोट दाखवली की ड्रायव्हर गाडी थांबवून पर्स काढतो आणि मागचे सगळे तुझ्याकडे बघतात. पाकिटात हजाराच्या चार नोटा कायम ठेव.

आता तुझी स्वतःची लाइन. किसुकी लाइन शिंजीपासून बिंगो-ओचिआईपर्यंत ८१.९ किलोमीटर. तू त्यावरच राहतेस म्हणून कदाचित तिच्याकडे बघतही नसशील. इझुमो-योकोताचं स्टेशन देवळासारखं, दारावर जाड शिमेनावा दोर. पुढे इझुमो-साकानेला गाडीला डोंगर एका दमात चढवत नाही, म्हणून ती झिगझॅग जाते: पुढे, मग उलटी, मग पुन्हा पुढे. ड्रायव्हर डब्यातून चालत या टोकाकडून त्या टोकाला जातो. आपल्या बोरघाटात खंडाळ्याजवळ १९२९ पर्यंत असंच रिव्हर्सिंग स्टेशन होतं, ते आजोबांनी बघितलं असेल, आपण नाही. साकानेच्या फलाटाजवळ झऱ्याचं पाणी आहे, लोक कॅन भरून नेतात. बाटली रिकामीच घेऊन जा. त्यानंतर मिइनोहारा, ७२७ मीटर उंचीवर, जेआर पश्चिम या इथल्या रेल्वे कंपनीचं सगळ्यांत उंच स्टेशन.

योकोताच्या वर दिवसाला तीनच फेऱ्या आहेत, आणि बर्फ जास्त पडला की त्याही आठवडेच्या आठवडे बंद. म्हणून ही चढण मे ते नोव्हेंबरमध्ये. बिंगो-ओचिआईला उतरून तीच गाडी परत घ्यायची नसेल तर गेइबी लाइनने निइमि, तिथून हाकुबी लाइनने योनागो आणि मग मात्सुएवरून घरी, असा वळसा होतो. किप्पु घ्यावं ते अशा दिवसासाठी. मात्र वेळा जुळतात का ते आदल्या रात्री कागदावर लिहून बघ, मोबाईलचं नेटवर्क वर मिळेलच असं नाही.

आणि हे पुढच्या वर्षावर टाकू नकोस. मी आले तेव्हा सान्को लाइन चालू होती, गोत्सु ते मियोशी, १०८ किलोमीटर, गोनो नदीच्या कडेकडेने. उत्सुई नावाचं स्टेशन जमिनीपासून वीस मीटर उंच पुलावर होतं, ११६ पायऱ्या चढून फलाट. गाडी कधी सायकलच्या वेगाने जायची. मी दर सुट्टीत म्हणायचे, पुढच्या वेळी जाऊ. ३१ मार्च २०१८ ला शेवटची गाडी धावली. त्याआधीच्या आठवड्यात गेले तेव्हा डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती, खिडकीतून फक्त दुसऱ्यांचे कॅमेरे दिसले. किसुकीच्या वरच्या टप्प्याचं काय करायचं याचीही आता चर्चा चालू आहे.

माहिती कुठून मिळवायची, हे तू विचारलं नाहीस, पण विचारायला हवं होतंस. इंटरनेटवर खेड्यातलं निम्मंही नसतं. शेजारीण दारात एक क्लिपबोर्ड देऊन जाते, तो ‘काइरान्बान’. वाचून शिक्का मारून पुढच्या घरी द्यायचा. नवे लोक न वाचताच पुढे सरकवतात. त्यात असतं: देवळाची जत्रा कधी, गवत कापायला कुणी यायचं, तालुक्याच्या अंघोळघराची कूपनं, फुकटची पायी सहल. नगरपालिकेचं मासिक ‘कोहो’ दर महिन्याला येतं, शेवटची दोन पानं बघ. मोबाईलने फोटो काढून भाषांतर करून घेतलंस तरी चालेल. पहिल्या वर्षी माझ्या फिरण्यातलं निम्मं त्या क्लिपबोर्डातून आलं.

त्यातूनच कागुरा, देवळातलं नृत्यनाट्य, सापडलं. याबद्दल जरा लांबण लावते, कारण एवढ्यासाठी मी अकरा वर्षं इथे टिकले असं म्हटलं तरी चालेल.

सुसानोओ देवाने आठ डोक्यांचा ओरोची नाग मारला ती कथा तुझ्या गावाभोवतीची. सुसानोओ जिथे उतरला म्हणतात तो सेंत्सु डोंगर आणि ती हिइ नदी तुझ्याकडेच. पण कथा नाचून दाखवण्याचा खरा दणका पश्चिमेला, इवामी भागात आहे: ओदा, गोत्सु, हामादा, मासुदा. ऑक्टोबरच्या सुमारास गावोगावच्या देवळांत रात्री नऊ-दहाला सुरू होतं ते पहाटेपर्यंत. देवळात बघायला पैसे नाहीत. ढोल, छोटा ढोल, बासरी आणि झांज. सोनेरी भरतकामाचे जड पोशाख, वॉशी कागदाचे मुखवटे. नागाचं धड बांबू आणि कागदाचं, पंधरा-सतरा मीटर लांब, आत एकच माणूस. असे चार-चार, कधी आठही नाग एकमेकांत वेटोळे घालत मंचावर येतात, तोंडातून ठिणग्या, धूर. पुढच्या चटईवरची पोरं किंचाळून आईच्या मागे. मध्येच एबिसु देव येतो, मासा गळाला लावायचं नाटक करतो आणि गोळ्या उधळतो, तीच पोरं आता मंचावर चढायच्या बेतात.

मी पहिल्यांदा बघितलं ते हामादाच्या बाजूला, एका वाडीच्या देवळात. पहाटे तीनला थंडीने दात वाजत होते आणि मला एकदम आमच्या देवळातली दशावताराची रात्र आठवली. संकासुर आला की आम्ही अशाच मागे पळायचो. तिथेही शेती-दुकान करणारी माणसं रात्री देव होतात, सकाळी पुन्हा कामावर. इथे माझ्या वर्गातला एक मुलगा सोमवारी बाकावर डोकं टेकून झोपायचा. मी रागावणार, तेवढ्यात शेजारच्या शिक्षिका म्हणाल्या, राहू दे, रात्री तो सुसानोओ होता.

आता हिशेब बघ. रात्रभर कार्यक्रम म्हणजे मुक्कामाचा खर्च नाही. शनिवारी दुपारच्या गाडीने निघायचं, पहाटेच्या पहिल्या गाडीने परत. देऊळ स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावरचं निवड, हे आधी फोनवर किंवा शाळेतून विचारून घे. पाकिटात घालून १,००० येन ‘हाना’ म्हणून दे. सक्ती नाही, पण फुकट बघून येणं मला तरी जमलं नाही. महिला मंडळाची ओदेनची (रश्श्यात शिजवलेले मुळा, अंडी वगैरे) टपरी असते, त्यावर पोट भरतं. बसायला उशी आणि जाड पांघरूण घेऊन जा.

ओकी बेटांवर जायची ओढ तुला लागेलच. जा, पण उन्हाळ्यात. बोट अडीच तासांच्या आसपास घेते, दुसऱ्या वर्गात गालिच्यावर आडवं पडायचं. हिवाळ्यात समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. मी डिसेंबरात एक रात्रीसाठी गेले आणि तीन रात्री राहिले. त्या महिन्यात पुढे नुसता भात-नात्तो (आंबवलेलं सोयाबीन) खाल्ला.

जेवणाचं सांगू तर मी मालवणी, मासे चालतात, त्यामुळे माझं सोपं. तू शाकाहारी असशील तर एक लक्षात ठेव: उदोन, सोबा, मिसो सूप, उकडलेली भाजी, सगळ्यात दाशी, म्हणजे मूळ रस्सा, असतो आणि तो बहुधा सुकवलेल्या माशाचा. ‘मांस नको’ म्हटल्यावर लोक मनापासून मासे वाढतात. बाहेर निघताना स्वतःचा डबा. रस्त्याच्या कडेला बिनमाणसाचे भाजीचे स्टॉल असतात, पिशवी शंभर येन, पैसे डब्यात टाकायचे. काकडी, टोमॅटो, रताळं, काकी (पर्सिमन). धुऊन लगेच खाता येईल ते घे. हायवेवरच्या ‘मिचि नो एकि’ या विश्रांती थांब्यांमध्येही शेतकऱ्यांची भाजी स्वस्त असते. सुपरमार्केटात संध्याकाळी उरलेल्या मालावर अर्ध्या किमतीचं स्टिकर लागतं. गावात दुकान लवकर बंद होतं, म्हणून सातला जा, नऊला नको. ते स्टिकर लावणाऱ्या काकांच्या मागे मागे फिरू नकोस. ते तुझ्या विद्यार्थ्याचे वडील असतील.

आणि ओमियागे. कुठे जाऊन आलीस की स्टाफरूमसाठी खाऊचा डबा आणायचा असतो, हजार-दीड हजार येन. महिन्यात दोनदा गेलीस की बजेटचा अगदी पाचवा भागही खाऊत जाईल. प्रांतातल्या प्रांतात एका दिवसाची सहल झाली तर कुणी अपेक्षा धरत नाही. मुक्काम करून आलीस किंवा रजा घेतली होतीस तरच आण. मी एकदा घरी तिळाचे लाडू वळून नेले, ते विकतच्या डब्यापेक्षा जास्त चालले.

दमून परतताना गावातल्या सार्वजनिक अंघोळघरात जा. चारपाचशे येन, कधी त्याहून कमी. आधी बाहेर बसून नीट अंग धुवायचं, मग पाण्यात. लाजशील, पहिल्यांदा मीही लाजले, पण गावातल्या बायका जे स्टाफरूममध्ये बोलत नाहीत ते तिथे बोलतात. युनोत्सुचं जुनं अंघोळघर इवामी गिनझान चांदीच्या खाणींच्या जागतिक वारशातच येतं. तिथलं पाणी इतकं कढत की पहिल्या पायरीवरूनच मी परत फिरले होते.

पुढे कधी कार मिळाली तर तिच्यात झोपण्याबद्दलही लिहिलं होतंस. मिचि नो एकिवर रात्रभर पार्किंग आणि शौचालय उघडं असतं, खूप जण झोपतातही. तिथे विश्रांती मान्य आहे, मुक्काम नको, असं त्यांचं म्हणणं. एकटीने नको, हे माझं. धोका फार आहे म्हणून नाही. झोप लागत नाही आणि दुसरा दिवस फुकट जातो.

गाडी घ्यायची का? पहिल्या वर्षी नको. जपानमध्येही वाहन डावीकडूनच चालतं, त्यामुळे वाटतं सोपं आहे. भारतातून आंतरराष्ट्रीय परवाना आणला असशील तर तो आल्यापासून जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. पुढे जपानी परवाना करून घ्यावा लागतो आणि भारताला परीक्षेतून सूट नाही. ऑक्टोबर २०२५ पासून लेखी परीक्षाही कडक झाली: पन्नास प्रश्न, पंचेचाळीस बरोबर हवेत. गाडी चालवून दाखवायच्या परीक्षेत मी दोनदा नापास झाले. पहिल्यांदा वळताना डावा आरसा बघून मान वळवली नाही म्हणून, दुसऱ्यांदा ‘एस’ वळणात चाक कडेवर चढलं म्हणून. कुडाळच्या बाजारातून पंधरा वर्षांची असल्यापासून स्कूटर काढणारी मी! वडिलांना फोनवर सांगितलं तर ते पाच मिनिटं हसत होते. तिसऱ्या वेळी मान अशी गरागरा फिरवली की परीक्षकही हसला.

पिवळ्या पाटीची जुनी केइ गाडी दोन-तीन लाख येनमध्ये मिळते. वर्षाचा कर साधारण १०,८०० येन, दर दोन वर्षांनी शाकेन तपासणी, त्यात साठ हजार ते लाख जातात. विमा वेगळा, बर्फाचे टायर वेगळे. फिरण्यासाठी म्हणून घेतलीस तर फिरायला पैसे उरणार नाहीत. बदली होऊन स्टेशन नसलेल्या गावी गेलीस तर घ्यावीच लागेल, तेव्हा स्टाफरूममध्ये सांगून ठेव. कुणाच्या तरी आजींनी चालवणं बंद केलेलं असतं.

दुसऱ्या वर्षी जूनपासून रहिवासी कर सुरू होतो, तोही आदल्या वर्षीच्या कमाईवर. म्हणजे आज जे पंधरा हजार दिसतात ते पुढच्या वर्षी तेवढे राहणार नाहीत. तुझी नेमणूक एजन्सीतर्फे असेल तर ऑगस्टचा पगार पूर्ण येतो का, तेही करारात बघून घे. मी बघितलं नव्हतं.

हिवाळ्याचंही आत्ताच डोक्यात ठेव. परदेशी शिक्षकाने शिमाने पालथा घालायची रीत जुनी आहे. लेखक लाफ्काडिओ हर्न १८९० च्या ऑगस्टमध्ये मात्सुएच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आला, पगार महिना १०० येन, त्या काळी घसघशीत. गावं, देवळं, समुद्रातल्या गुहा सगळं फिरला, इथल्याच सेत्सुशी लग्न केलं. आणि एक हिवाळा काढून पुढच्या नोव्हेंबरात कुमामोतोला निघून गेला, थंडी सोसवेना म्हणून. डिसेंबर ते फेब्रुवारी तुझे पंधरा हजार रॉकेलच्या शेगडीत जातील असं धरून चाल. त्या तीन महिन्यांत आपल्याच गावात फिर. लोखंड गाळायच्या तातारा भट्टीसाठी लोहवाळू धुतलेल्या डोंगरउतारांवरच तुमच्याकडची भातखाचरं उभी आहेत. ती बर्फात बघायला तिकीट लागत नाही, फक्त गमबूट लागतात. शेतकी सोसायटीच्या दुकानात दोन हजारांत मिळतात. एक नंबर मोठे घे, आत दोन मोजे घालावे लागतील.